फडकं कोणाच्या दारावर

आमच्या गल्लीत तीन मशीनं आणि एक फडकं. मशीनं ज्याची त्याची: माझ्या लाँड्रीतल्या वाफेच्या इस्त्र्या, समोर सुताराचं करवतीचं मशीन आणि कोपऱ्यावर बेकरीवाल्याची विजेची भट्टी. फडकं मात्र सगळ्या गल्लीचं. सुताराने जुन्या पडद्यातून फाडलेलं, लाल, कडेने दोरे लोंबणारं. ते ज्याच्या दारावर लटकत असेल त्याचं मशीन चालू. बाकीच्यांनी हातावर हात ठेवून बसायचं. कारण दोन मशीनं एकदम चालली की खांबावरच्या पेटीतला फ्यूज उडतो, गल्लीतली वीज जाते आणि वायरमन येईपर्यंत आम्ही एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसतो.

ही पद्धत माझ्या लग्नाआधीपासूनची. मी नवी सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवायच्या आधी फडकं दाखवलं. म्हणाल्या, "हे समोर दिसलं की इस्त्रीला हात लावायचा नाही. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो." मी तापट आहे, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सुतार फडकं उतरवायला उशीर करायचा आणि मी दारात उभी राहून ओरडायची, "दादा, जंगल कापताय का?" तो आतून ओरडायचा, "वहिनी, तुमचे शर्ट काही पळून जात नाहीत!" असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. भांडण व्हायचं, पण फडक्याचा नियम कोणी मोडला नाही.

आणि अशा गल्लीसाठी वीज कंपनीने दर दीडपट करायची परवानगी मागितली.

कंपनी कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. गल्लीच्या टोकाला तिने भलंमोठं नवं सबस्टेशन बांधलं होतं, सगळं उधारीवर. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकावर दिव्यांची पाटी. पण तिथपर्यंत वीज आणणारे मनोरे अर्ध्या वाटेत थांबले, कारण ठेकेदाराचे पैसे थकले. वायरमनचे पगारही थकले होते. म्हणजे सबस्टेशन होतं, त्यात वीज नव्हती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. त्या पोकळ वाशाचं कर्ज आता आमच्या बिलातून फेडायचा बेत होता.

आमच्यासाठी हा दुष्काळात तेरावा महिना होता. लाँड्रीचा निम्मा खर्च विजेचा. आमचे हे शांत माणूस, पण गेली दोन वर्षं दमलेले. एका दुपारी ते जागेच्या एजंटला घेऊन आले आणि त्याने टेप लावून दुकान मोजलं. मी इस्त्री तशीच शर्टावर ठेवून बघत राहिले. शर्टाची पाठ जळाली.

"दरवाढ झाली की दुकान विकायचं," एजंट गेल्यावर हे म्हणाले. "भाऊ गोदामात नोकरी देतो म्हणालाय. नाही झाली दरवाढ, तर तू म्हणशील तसं."

"आणि मी काय करू? तुमच्या भावाच्या गोदामात खोकी मोजू?"

"अगं, मला काय हौस आहे का?" ते म्हणाले, आणि त्यांनी जळका शर्ट उचलून बाजूला ठेवला. या दुकानात माझे हात भाजले होते, माझ्या दोन मुलींची शिक्षणं झाली होती. मला ते सोडायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, पण माझ्यासाठी तीच सगळी होती.

कंपनीला हवे तसे दर लावता येत नाहीत. त्यासाठी सरकारने वीज आयोग नेमलेला आहे, आणि त्या आयोगाला लोकांचं म्हणणं ऐकावं लागतं. सुनावणीच्या दिवशी सगळी गल्ली कुलपं लावून गेली. मोठा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घोगरा माइक. समोर मधोमध आयोगाच्या अध्यक्षबाई बसल्या होत्या. बारीक चणीच्या, साखळीचा चष्मा, आवाज इतका हळू की हॉलला गप्प बसावंच लागायचं.

कंपनीच्या बाजूला वकील होते आणि त्यांच्या शेजारी आमचे होऊनजाईल साहेब. हे आमच्या भागाचे नवे अधिकारी. वीज जाते साहेब, म्हटलं की "होऊन जाईल". बिल चुकलंय साहेब, "होऊन जाईल". त्यांचं खरं नाव कोणी विचारलंसुद्धा नाही.

"कंपनी अडचणीत आहे," वकील म्हणाले. "दर वाढवले नाहीत तर कंपनी बुडेल, आणि कंपनी बुडाली तर लोकांचे दिवे जातील."

"ते आत्ताही जातात की!" मागून सुतार ओरडला. हॉल हसला.

वकिलांनी सुताराकडे बोट केलं. "मॅडम, याच गल्लीला आम्ही गेल्या महिन्यापासून नव्या सबस्टेशनमधून वीज देतो. वीज भरपूर आहे. तरीही तिथे फ्यूज उडतात, कारण हे लोक तारांवर आकडे टाकून वीज चोरतात."

माझं डोकं फिरलं. चोराच्या उलट्या बोंबा! कधी उठले आणि कधी माइक धरला, मला कळलं नाही.

"बाई, मी लाँड्री चालवते," मी म्हणाले. "मी गिऱ्हाइकाला धुतलेला शर्ट देते, मग पैसे घेते. न धुतलेल्या शर्टाचे पैसे मागितले तर लोक मला दुकानासकट धुतील. यांनी आम्हाला अजून शर्टच दिलेला नाही, आणि वर आम्हाला चोर म्हणतात!"

टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या.

"बसा," त्या मला म्हणाल्या. मग वकिलांकडे वळल्या. "नियम सरळ आहे. जे ग्राहकाच्या उपयोगाला येतं, त्याचाच खर्च ग्राहकाच्या बिलात घालता येतो. सबस्टेशन चालू असेल, तर त्याच्या कर्जाचा मी विचार करीन. चालू नसेल, तर ते कर्ज मालकांनी बघावं. तुम्ही चालू म्हणता, या बंद म्हणतात. मी स्वतः येऊन पाहते."

होऊनजाईल साहेबांच्या कपाळावर घाम आला. तरी ते उठून म्हणाले, "जरूर या मॅडम. होऊन जाईल."

अध्यक्षबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी दारात बसून बटणं लावत होते, तेव्हा आमचा वायरमन शिडी घेऊन आला. गेले कित्येक महिने पगार नाही, तरी फ्यूज उडाला की हाच माणूस धावत यायचा. पण आज तो माझ्याकडे बघेना. माझ्या दुकानापुढच्या खांबावर तो चढला आणि तिथल्या फ्यूजच्या पेटीतून त्याने एक जाड काळी केबल भिंतीभिंतीने थेट सबस्टेशनच्या आवारात नेली. संध्याकाळच्या आत फाटकावरची पाटी झगमगायला लागली.

"काय हो, हे काय?" मी खालून विचारलं.

"हुकूम आहे वहिनी," तो म्हणाला. उतरताना मात्र क्षणभर थांबला. "उद्या मी खांबापाशीच असेन. काही लागलं तर हाक मारा."

मी केबलकडे बघत राहिले. सबस्टेशनने गल्लीला वीज द्यायची, तर इथे गल्लीच सबस्टेशनला देत होती! ओरडावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात होऊनजाईल साहेबच गल्लीत शिरले. हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू.

"नमस्कार, नमस्कार. उद्या सगळ्यांनी सहकार्य करायचं. अध्यक्षबाई येतील तेव्हा सगळी दुकानं, सगळी मशीनं चालू पाहिजेत. गल्ली कशी धडधडताना दिसली पाहिजे."

सुतार दारात आला. "सगळी मशीनं? एकदम?"

"एकदम! घरातलंसुद्धा जे काही असेल ते लावा. वीज भरपूर आहे."

"आणि फ्यूज?"

"होऊन जाईल." एवढं म्हणून साहेबांची नजर सुताराच्या दारावर गेली, आणि चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "हे काय? लाल झेंडा? निषेध करताय?"

"अहो नाही साहेब, ते फडकं आहे. ते काय असतं..."

"मला सगळं माहीत असतं. बाई इथून जाणार आणि दारावर लाल झेंडे? काढा आधी!" आणि त्यांनी स्वतःच हात घालून फडकं ओढून काढलं.

इतक्या वर्षांत परक्या माणसाने फडक्याला हात लावला नव्हता. सुताराचं मशीन आत चालू होतं, आणि बाहेर फडकं नव्हतं. मला तर देवळातली घंटा कोणी काढून नेल्यासारखं झालं.

सासूबाई हळूहळू पायऱ्या उतरल्या. साहेबांपुढे हात पसरून म्हणाल्या, "द्या इकडे. तुम्हीच काढलंत हं, साहेब. आम्ही नाही काढलं." साहेबांनी फडकं त्यांच्या हातात टेकवलं आणि ते पुढच्या दुकानाकडे हात जोडत निघून गेले. सासूबाईंनी त्याची नीट घडी घातली आणि कमरेला खोचली.

मग आमच्या दुकानात बैठक बसली. सुतार, बेकरीवाला, हे, सासूबाई आणि मी.

"सरळ सांगू बाईंना, केबल बघा म्हणून," बेकरीवाला म्हणाला.

"आणि साहेब म्हणतील, फाटकावरच्या पाटीपुरती घेतलीय," मी म्हणाले. "वकील आहे त्यांच्याकडे. आपल्याला आधीच चोर ठरवलंय. सांगून नाही चालायचं, दिसायला पाहिजे."

"दिसेल ना. सगळं एकदम लावलं की गल्ली जाईल, आणि गल्लीबरोबर त्यांची लंकाही जाईल," सुतार म्हणाला, आणि स्वतःच दचकून थांबला. "पण माझी मोटर जळली तर?"

"आणि आपल्या इस्त्र्या?" हे म्हणाले. "त्या जळल्या तर दरवाढीची वाटच बघायला नको."

मी इस्त्र्यांकडे बघितलं. भीती मलाही वाटत होती. नव्या इस्त्र्या घ्यायची आमची ऐपत नव्हती. पण एजंटची टेप माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"दरवाढ झाली तर या इस्त्र्या शाबूत राहून काय उपयोग?" मी म्हणाले. "भंगारातच विकायच्या ना? मी तर लावणार."

"पण ही लबाडी नाही का होत?" बेकरीवाला भाबडा माणूस.

सासूबाई हसल्या. "यात लबाडी कसली? वीज कंपनीचा माणूस घरी येऊन म्हणाला, वीज वापरा. आपण वापरली. मोठ्या माणसांचं ऐकावं रे बाबा कधीतरी."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या, बरोबर आयोगाचा एक कारकून. गल्लीतून त्या चालत आल्या. माझ्या दुकानापाशी थांबल्या, इस्त्र्यांकडे पाहिलं, मान हलवली, आणि होऊनजाईल साहेबांमागून सबस्टेशनच्या फाटकातून आत गेल्या.

मी सगळ्या इस्त्र्यांची बटणं दाबली. समोर करवतीने किंकाळी फोडली. कोपऱ्यावरून बेकरीवाल्याने हात वर केला: भट्टी चालू.

आणि काहीच झालं नाही.

तिन्ही मशीनं एकदम चालत होती. लग्न होऊन आल्यापासून मी असा आवाज ऐकला नव्हता. इस्त्र्यांतून वाफ फुसफुसत होती, करवत लाकूड खात होती, भट्टीचा पंखा घरघरत होता. किती सुंदर आवाज होता तो! आणि माझे डोळे भरून आले, कारण लाईन टिकली तर कंपनी खरी ठरणार होती. हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. दुकान गेलं.

नंतर कळलं, साहेबांच्या हुकमाने वायरमनने पेटीतल्या फ्यूजला दुप्पट जाड तार घातली होती. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं, की सासूबाई पदर खोचून निघाल्या आहेत आणि दारोदार सांगत सुटल्या आहेत: "लावा गं, सगळं लावा! साहेबांनी सांगितलंय! पंखे लावा, पंप लावा, पाणी तापवा!" खिडक्याखिडक्यांतून बटणं खटखटली. तरी लाईन टिकली.

शेवटी तिला बुडवलं ते साहेबांच्या आदरातिथ्याने, हे नंतर कारकुनाने सांगितलं. सबस्टेशनच्या बंद खोलीत उकडत होतं. बाईंनी रुमालाने मान पुसली. साहेब लगबगीने म्हणाले, "अरे, एसी लावा! सगळे लावा!"

खांबावर फाट् करून आवाज झाला. पेटीतून ठिणग्या उडाल्या, करवतीचा सूर खाली खाली येत थांबला, माझ्या इस्त्र्यांचे लाल दिवे विझले. मी धावत रस्त्यावर आले आणि गल्लीच्या टोकाला बघितलं. फाटकावरची पाटी काळीठिक्कर पडली होती.

"गेली!" मी ओरडले. "त्यांचीही गेली!"

थोड्या वेळाने कारकून मोबाइलच्या उजेडात अध्यक्षबाईंना बाहेर घेऊन आला. मागे होऊनजाईल साहेब, एकसारखे बोलत. "बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं? हे लोक, यांचे आकडे..."

बाई फाटकातच थांबल्या. तोच हळू आवाज. "आकड्यांमुळे गल्लीतला फ्यूज उडाला, असं समजू. पण गल्लीतला फ्यूज उडाला तर सबस्टेशनचे दिवे का जावेत?"

"होऊन..." एवढं म्हणून साहेब कपाळ पुसायला लागले.

आता माझ्याच्याने राहवेना. मी खांबाखाली उभी राहून वर बोट दाखवलं. "बाई, आकडा बघायचाय? हा बघा! सगळ्या गल्लीत एकच आहे, आणि तो कंपनीचा आहे!"

बाईंनी चष्मा लावला. काळी केबल खांबापासून भिंतीभिंतीने फाटकापर्यंत त्यांनी नजरेने मोजली. मग वायरमनला जवळ बोलावलं. "नवी तार घालता येईल?"

"लगेच, मॅडम." तो खरंच खांबापाशीच होता.

"आपण सगळ्यांनी मशीनं बंद करा, कृपा करून," त्या आम्हाला म्हणाल्या. कारकुनाला त्यांनी फाटकापाशी उभं केलं. वायरमनने फ्यूज बसवला.

"आले!" कारकून ओरडला. पाटी झगमगली.

"काढा."

"गेले!"

"बसवा."

"आले!" आता कारकुनाबरोबर अर्धी गल्ली ओरडत होती.

"काढा."

"गेले!" सगळी गल्ली ओरडली. सुतार तर नाचायचा बाकी होता. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. आणि मी, रस्त्याच्या मधोमध, रडतही होते आणि हसतही होते.

बाई होऊनजाईल साहेबांकडे वळल्या. "तुमचे वकील ज्याच्याबद्दल बोलत होते, तो आकडा हाच ना?" साहेबांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी त्यांची थोडी कीव आली. पण फार नाही.

निकाल त्याच हॉलमध्ये वाचला गेला. सबस्टेशन उपयोगात नाही, म्हणून त्याचं कर्ज ग्राहकांच्या बिलात जाणार नाही. दरवाढ नामंजूर. कंपनीचा कारभार मालकांच्या हातातून काढून आयोगाचा माणूस बसवला. त्याने आधी वायरमन लोकांचे थकलेले पगार द्यायचे, मग आमच्यासारख्या जुन्या लाईनी बदलायच्या, आणि मालकांना शेवटी काही उरलं तर. कंपनी बुडाली नाही, दिवेही गेले नाहीत. बुडाले फक्त ज्यांनी बुडवलं ते. टाळ्या अशा वाजल्या की या वेळी बाईंनी थांबवल्या नाहीत.

बाहेर आल्यावर ह्यांनी खिशातून फोन काढला. एजंटला म्हणाले, "दुकान विकायचं नाही." मग माझ्याकडे बघून, फोन कानालाच ठेवून पुढे म्हणाले, "आमच्या मालकीणबाई नाही म्हणतात." इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा चारचौघांत विनोद करत होता.

गल्लीची नवी लाईन ओढून झाली तेव्हा वायरमन खांबावरूनच ओरडला, "लावा आता! तिन्ही लावा!"

पण कोणी लावेना. सवय! सुतार माझ्या दाराकडे बघतोय, मी त्याच्या, बेकरीवाला आमच्या दोघांच्या. फडकं कोणाच्याच दारावर नाही. माझा हात बटणावर होता आणि बोट काही दाबत नव्हतं. शेवटी सासूबाईंनी कमरेचं फडकं काढलं, समोर जाऊन सुताराच्या हातात दिलं, आणि म्हणाल्या, "पडदा तुझा होता, घे परत." त्याने मशीन सुरू केलं. बेकरीवाल्याने भट्टी लावली. मी डोळे मिटून बटण दाबलं.

करवत चालू, भट्टी चालू, वाफ चालू. गल्ली जागच्या जागी.

थोड्या वेळाने सुतार रस्ता ओलांडून आला. मागे त्याचं मशीन मोकळंच घरघरत होतं, मुद्दाम ठेवलेलं. त्याने फडकं माझ्या टेबलावर ठेवलं.

"वहिनी, एवढं धुऊन, इस्त्री करून द्या."

इतकी वर्षं हे फडकं माझ्या डोळ्यांपुढे होतं, पण त्याला इस्त्री कधी लागली नव्हती. ते दिसलं की माझी इस्त्री थंड व्हायची ना. मी ते धुतलं, पिळलं आणि गरम इस्त्री त्याच्यावर फिरवली, तेव्हा समोरून करवतीचा आवाज येत होता आणि वाफ माझ्या तोंडावर येत होती. लोंबणारे दोरेसुद्धा मी एकेक सरळ केले. मग घडी घालून ते त्याच्या हातात दिलं.

"किती झाले?" त्याने खिशात हात घातला.

"जुनाच दर," मी म्हणाले.